काळी एकचा खर्ज आणि दहा बाय दहाची खोली

गुरुजींच्या गाडीत बसून स्वतःचंच रेकॉर्डिंग ऐकायची वेळ आली तेव्हा आम्ही सिंहगड रस्त्यावरच्या गर्दीत अडकलो होतो, त्यामुळे पळ काढायलाही जागा नव्हती. घरी तीन रविवार बसून मी ते मिक्स केलं होतं. गुरुजींचा तानपुरा, त्यावर त्यांचा भैरव, मागे माझ्या यजमानांचा ठेका. घरी सगळं जागच्या जागी वाटत होतं. गाडीत मात्र पहिल्या आवर्तनातच दाराचं पॅनल थरथरायला लागलं. गुरुजींनी आवाज कमी केला, मग आणखी कमी केला, आणि समोरच्या बसकडे बघत म्हणाले, "तानपुरा लावलायस की गिरणी?"

त्याच आठवड्यात माझ्या स्वतःच्या रियाजाचं एक रेकॉर्डिंग मैत्रिणीने ऐकलं. तिची तक्रार बरोबर उलटी होती, तानपुरा ऐकूच येत नाही म्हणे. एकच माणूस, एकच खोली, एकच माइक, आणि एका तानपुऱ्याची गिरणी झाली तर दुसरा गायब. दोन्ही तानपुरे मिरजेचे, दोन्हींचे भोपळे चांगले भरदार. दोष वाद्यांचा नव्हता, एवढं नक्की.

तोवर मी ऐकत होते ते संगणकाबरोबर आलेल्या जुन्या स्पीकरांवर. दोन छोटे डबे, टेबलाखाली एक मोठा डबा. त्यावर लावणी छान वाजते. पण मिक्स करताना जे ऐकू येतं त्यावर विसंबून आपण आवाजाच्या सरकपट्ट्या वर-खाली करतो. ऐकवणाराच तिखटमीठ लावून सांगत असेल तर निर्णय चुकणारच. स्टुडिओ मॉनिटर नावाचा स्पीकरचा प्रकार वेगळा असतो तो इथे. तो आवाज गोड करून सांगत नाही. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांतल्या त्या एका आत्यासारखा असतो, दिसेल ते बोलतो.

खर्चाची मर्यादा २५ हजार ठरली. त्यात केबल आणि स्टँडही आलं पाहिजे, असं घरातल्या अर्थखात्याने बजावलं. हेडफोनवर भागव, असाही सल्ला मिळाला. रात्री मी हेडफोन वापरतेच. पण त्यावर डावा आवाज फक्त डाव्या कानात आणि उजवा फक्त उजव्या कानात जातो, गाणारा माणूस डोक्याच्या आत बसल्यासारखा वाटतो, आणि आवाजाला घुमारा किती द्यायचा याचा अंदाज हमखास चुकतो. शिवाय दोन तासांनी कान शेकून निघतात.

कॅम्पातल्या एका मोठ्या दुकानात गेले. तिथल्या मुलाने आधी विचारलं, "सरांसाठी घ्यायचेत का?" मी म्हटलं, माझ्यासाठीच. तरी तो पुढचा अर्धा तास "सर आले की डेमो दाखवतो" हेच म्हणत राहिला. त्याने एक कागद हातात ठेवला, त्यावर नावं, इंच, वॅट. आकडे बघून मला आनंद झाला, एक जोडी तर चक्क बजेटच्या निम्म्यात बसत होती. बाहेर पडताना कळलं की कागदावरच्या काही किमती नगाच्या आहेत आणि काही जोडीच्या. मॉनिटर पुष्कळदा सुटे विकले जातात. हे आधी ठाऊक नसलं तर घरी येऊन गणित दुप्पट होतं.

मग एका जुन्या ओळखीच्या रेकॉर्डिस्टला फोन केला. आकाशवाणीच्या वळणाचा माणूस, आता निवृत्त. कुठला घेऊ, असं विचारल्यावर त्यांनी उलट विचारलं, "ताई, खोली केवढी आहे?"

"दहा बाय दहा."

"आणि छत?"

"साडेनऊ असेल."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. "म्हणजे पेटीच आहे की. आधी कागद-पेन्सिल घ्या, दुकानात मग जा."

ते गणित इतकं सोपं आहे की ते शाळेत का शिकवत नाहीत असं वाटलं. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी मावते, ती तिथे आपटून आपटून फुगते. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. ३४३ भागिले ६.१, म्हणजे साधारण ५६ हर्ट्झ, सेकंदाला ५६ कंपनं. त्याची दुप्पट ११२, तिथेही तेच. खोली लांबट असती तर लांबीचा आकडा वेगळा आला असता, रुंदीचा वेगळा, आणि फुगवटे विखुरले असते. माझ्या खोलीत लांबी, रुंदी आणि जवळजवळ उंचीसुद्धा एकाच आकड्यावर येऊन बसली होती.

आता दुसरा कागद. गुरुजी काळी एकमध्ये गातात, म्हणजे हार्मोनियमची पहिली काळी पट्टी हा त्यांचा सा. त्यांचा मध्य षड्ज १३९ हर्ट्झच्या जवळ, म्हणजे तानपुऱ्याच्या खर्जाची, सर्वांत खालच्या षड्जाची, पितळी तार त्याच्या निम्म्यावर, ६९. माझी पट्टी काळी चार. माझा षड्ज २०८, खर्ज १०४. हे चार आकडे एका ओळीत लिहिले, ५६, ६९, १०४, ११२, आणि त्यांच्याकडे बघत बसले. माझा खर्ज खोलीच्या फुगवट्याच्या अगदी शेजारी होता. मला तो घरी भरमसाट ऐकू येत होता, म्हणून मी तो कापत होते, आणि मैत्रिणीच्या कानापर्यंत काही पोचत नव्हतं. गुरुजींच्या बाबतीत काहीतरी उलटं होत असणार. ५६ आणि ६९ तर शेजारीच, मग त्यांचा खर्ज का फुगत नव्हता? ते कोडं तेव्हा सुटलं नाही.

आता दुकानात जाण्यात अर्थ होता. या वेळी दुसरं दुकान, आणि पेन ड्राइव्हमध्ये चार गोष्टी: गुरुजींचा नुसता तानपुरा, यजमानांनी वाजवलेला डग्ग्याचा 'घे' घिस्स्यासकट (म्हणजे मनगट घासून स्वर सरकवतात तो), माझा एक आलाप आणि सासूबाईंनी पोह्यांची कृती सांगितलेलं दोन मिनिटांचं बोलणं. शेवटची गोष्ट सर्वांत उपयोगी ठरली. त्यांचा आवाज मी २२ वर्षं रोज ऐकते आहे, तो कुठल्या स्पीकरवर नाकातून येतोय आणि कुठल्यावर माठातून, हे मला एका वाक्यात कळतं. कुठलंही नामांकित रेकॉर्डिंग नेलं असतं तर ते सगळीकडे छानच वाजलं असतं.

दुकानात कपाटावर सात-आठ जोड्या भिंतीला चिकटवून ठेवलेल्या होत्या, आणि बटण दाबलं की आवाज या जोडीवरून त्या जोडीवर उडी मारायचा. यात दोन गफलती असतात. भिंतीजवळ ठेवलेल्या स्पीकरचा खालचा आवाज भिंतीमुळे वाढतो, त्यामुळे सगळेच जरा गुबगुबीत वाटतात. दुसरी गफलत जास्त फसवी. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज लहान असताना माणसाच्या कानाला खर्ज फार कमी ऐकू येतो आणि आवाज वाढवला की तो भरभर वर येतो. त्यामुळे दोन स्पीकरांत जो थोडासा मोठा वाजतो तोच भारदस्त वाटतो. मी फोनवरच्या आवाज मोजायच्या ॲपने प्रत्येक जोडी एकाच पातळीवर आणून घेतली. दुकानदाराच्या चेहऱ्यावर 'या बाई तांदूळ निवडायला आल्यात' असा भाव होता. पण आधी डाव मारणाऱ्या दोन जोड्या समान पातळीवर आणल्यावर बऱ्यापैकी साध्या निघाल्या.

वॅटबद्दल एवढंच सांगते की मी कानापासून तीन फुटांवर ऐकणार आहे, गणेशोत्सवाचा मांडव दणाणून सोडणार नाही. या वर्गातल्या मॉनिटरांचे वॅट त्याला पुरून उरतात. प्रत्येक डब्याच्या आत स्वतःचा ॲम्प्लिफायर असतो, वेगळा घ्यावा लागत नाही, हा मोठा फायदा.

प्रीसोनसचा साडेतीन इंची एरिस स्वस्त आणि सुटसुटीत होता. त्याच्या कागदावर खालची हद्द ८० हर्ट्झ लिहिलेली असते, आणि डग्ग्याच्या घिस्स्यात ती ऐकूही आली, मींड खाली उतरताना पायरी संपल्यासारखी थांबली. बोलण्याचं, कथावाचनाचं काम असेल तर तो पुरेसा आहे. जेबीएलचा ३०५ मार्क टू ऐकला आणि खरं सांगायचं तर दुकानात मला तोच आवडला. पाच इंची कोन, म्हणजे थरथरणारा पडदा, असून ४३ हर्ट्झपर्यंत उतरतो, आणि मान इकडे-तिकडे केली तरी चित्र हलत नाही. ॲडमच्या टी५व्हीचा वरचा आवाज इतका नितळ की जवारीचा, तानपुऱ्याच्या तारेतल्या गुंजनाचा, एकेक कण मोजावा, पण तो बजेटच्या कुंपणापलीकडचा. शेवटी यामाहाचा एचएस५ लावला. पांढऱ्या कोनचा, दिसायला शाळामास्तर. गुरुजींचा तानपुरा लावला आणि पहिली भावना निराशेची होती. कोरडं. सासूबाई मात्र स्वयंपाकघरातून बोलाव्यात तशा समोर उभ्या राहिल्या.

त्या पांढऱ्या कोनमागे एक गंमत आहे. यामाहाने १९७८ मध्ये एनएस-१० नावाचा स्पीकर काढला तो घरी गाणी ऐकायला. तिथे त्याचं फारसं कौतुक झालं नाही. पण स्टुडिओवाल्यांच्या लक्षात आलं की यावर जे चांगलं वाजतं ते कुठेही चांगलं वाजतं, आणि जगभरच्या स्टुडिओंत तो वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला. त्याचा वरचा आवाज इतका टोचायचा की लोक ट्वीटरवर, म्हणजे वरचा आवाज काढणाऱ्या छोट्या स्पीकरवर, टिश्यू पेपर चिकटवायचे. एचएस५ काही त्याची नक्कल नाही, पण घराणं तेच.

एचएस५चा आवाज ७४ हर्ट्झपाशी ३ डेसिबलने खाली आलेला असतो आणि ५४ला १० डेसिबलने. म्हणजे गुरुजींचा ६९चा खर्ज त्याच्या उंबरठ्यावर, आणि माझ्या खोलीचं ५६चं भूत उंबरठ्याबाहेर. इथे माझा निर्णय झाला. जो स्पीकर ४३पर्यंत उतरतो तो मोठ्या किंवा नीट बांधलेल्या खोलीत सोनं आहे, पण माझ्या पेटीत तो ५६च्या लहरीला रोज खाऊ घालणार. ती लहर शोषायची तर भिंतीपासून चतुर्थांश लहरीइतकं, म्हणजे दीड मीटर खोल काहीतरी उभारावं लागेल, आणि मग मी बसू कुठे? म्हणून मुद्दाम कमी खर्जाचा स्पीकर घ्यायचा. रेकॉर्डिस्टकाकांना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, खोलवर जाणारा घ्या आणि नको तेवढं खाली करा, नसलेलं कुठून आणणार? त्यांचं चूक नाही. पण तानपुऱ्याच्या खर्जात मूळ स्वरापेक्षा त्याचे वरचे अंश, म्हणजे दुप्पट-तिप्पट कंपनांचे स्वर, जास्त बोलतात. फोनच्या एवढ्याशा स्पीकरवर ६९ हर्ट्झ निघणं शक्यच नसतं, तरी आपल्याला तिथे षड्ज ऐकू येतो, कारण १३९, २०८, २७७ ऐकून कान खालचा स्वर आपणच भरून घेतो. माझं काम तानपुऱ्याचं आहे. ज्याला ढोल-ताशाचं पथक रेकॉर्ड करायचं आहे त्याने माझं ऐकू नये.

नवी जोडी बजेटच्या बाहेर जात होती, म्हणून जुन्या मालाकडे वळले. पहिली जोडी बाणेरला, स्वस्त, चकचकीत. मागे वाकून बघितलं तर पट्टीवर १२० व्होल्ट छापलेलं. मालक अमेरिकेहून परत येताना घेऊन आले होते. आपल्या २३० व्होल्टला जोडली असती तर तानपुऱ्याऐवजी धूर निघाला असता. जुना विदेशी माल घेताना ती पट्टी पहिल्यांदा वाचावी, बाकी सगळं नंतर.

दुसरी जोडी पिंपळे सौदागरला. पंचविशीतला मुलगा, खोलीत निळे दिवे, भिंतीवर अंड्यांच्या ट्रेसारखा फोम. त्या फोमने फक्त वरचा कर्कशपणा कमी होतो, खालच्या लहरी त्याला ओळखही देत नाहीत, पण पाहुणी म्हणून गेले होते, गप्प बसले.

"मॅडम, आधीच सांगतो हं, याच्यात बेस नाही. मी डान्स म्युझिक करतो, म्हणून विकतोय. नंतर माझ्या नावाने बोटं मोडू नका."

"म्हणूनच आले," मी म्हटलं. त्याला वाटलं मी चेष्टा करतेय.

तपासणीला पाऊण तास घेतला. आधी काहीही न वाजवता दोन्ही चालू करून ट्वीटरला कान लावला. बारीक सुस्कारा प्रत्येक मॉनिटरला असतो, पण दोन्हींचा सारखा हवा. मग २०० हर्ट्झपासून ४०पर्यंत हळूहळू उतरणारा एकच स्वर वाजवला. यात सैल स्क्रू, फाटलेली कड, सुटलेला कोन, सगळं भुणभुणून कबुली देतं. एका ठिकाणी भुणभुण आली आणि माझ्या पोटात गोळा आला, पण तो त्याच्या टेबलावरचा पेनस्टँड निघाला. शेवटी सासूबाईंचं बोलणं दोन्हींवर एकदम लावलं. आवाज नेमका दोघांच्या मधोमध, हवेत टांगल्यासारखा यायला हवा. तो कुठल्याही बाजूला कलला तर एक डबा थकलेला आहे असं समजावं. आवाज मधोमध आला. एका कोनवर पिवळसर डाग होता, चहाचा असावा. २४ सांगितले होते, डागापायी २१ला सौदा झाला. एकेक डबा सव्वापाच किलोचा. रिक्षात एक मांडीवर, एक शेजारी, आणि खड्डा आला की मी आई अंबाबाईचं नाव घ्यायचे.

उरलेल्या चार हजारांत स्टँड आणि केबल. केबल पासोड्या विठोबापाशी घेतल्या, बॅलन्स्ड, दोन्ही टोकांना तीन कप्प्यांची पिन. आधी मी लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून साधी केबल ओढून बघितली होती, तर चार्जर लावला की घरात मधमाश्यांचं पोळं. बॅलन्स्ड केबलमध्ये एकच आवाज दोन तारांतून सरळ आणि उलटा जातो, वाटेत शिरलेली घरघर दोन्हींत सारखीच असते, आणि स्पीकरपाशी एकातून दुसरा वजा केला की ती स्वतःलाच खाते. माइक आणि स्पीकर संगणकाला जोडणारा डबा, ऑडिओ इंटरफेस, माझ्याकडे होताच. तरी थोडी घरघर राहिली, ती इलेक्ट्रिशियनने बोर्ड उघडल्यावर गेली. तिसऱ्या पिनेला अर्थिंगची तारच नव्हती.

स्टँडची अडचण वेगळी. बाजारात मिळतात ते खुर्चीवर बसणाऱ्यांच्या मापाचे. मी खाली बैठकीवर बसून गाते आणि तशीच बसून मिक्स करते, समोर चौरंग, त्यावर लॅपटॉप. ट्वीटर कानाच्या उंचीला हवा, आणि मांडी घालून बसल्यावर माझा कान जमिनीपासून अडीच फुटांवर. फॅब्रिकेशनवाल्याकडून पावणेदोन फुटांचे दोन लोखंडी स्टँड करून घेतले, पोकळ पायांत वाळू भरली, वर कडप्प्याचा तुकडा आणि त्याखाली रबर. जमिनीवर सतरंजी आणि तिच्यावर आजीची गोधडी. गोधडी आपटणारा आवाज चांगला पिते, हे त्या बिचारीला ठाऊक नसेल.

एवढं करून पहिलं मिक्स केलं आणि ते पुन्हा फसलं. खोलीत ऐकताना माझा खर्ज अजूनही फुगलेला, गुरुजींचा अजूनही अशक्त. दोन दिवस मी त्या पांढऱ्या कोनांकडे बघितलंसुद्धा नाही.

मग काकांनी फोनवर एक उद्योग सांगितला. रूम ईक्यू विझार्ड नावाचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून त्यातून ११२ हर्ट्झचा नुसता स्वर लावायचा, आणि खोलीत चालायचं. मी लावला आणि चालले. भिंतीपाशी मोठा, अडीच फुटांवर आला की चक्क पडल्यासारखा, आणि खोलीच्या मधोमध पुन्हा उसळलेला. मग ५६ लावला. स्पीकरमधून तो क्षीणच निघत होता, तरी भिंतींपाशी अंगाला जाणवला, आणि मधोमध नाहीसा झाला. पलीकडच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, "अगं, बोट लागलीय का?"

मी बसत होते कुठे? बरोबर मधोमध. देवघरासमोर बसावं तशी, चारही भिंतींपासून सारख्या अंतरावर, कारण ते नीटनेटकं दिसायचं. तिथे ११२ सर्वांत मोठा आणि ५६ सर्वांत लहान, आणि ६९चा खर्ज शेजारच्या ५६च्या खड्ड्यात अर्धा ओढला जातो. गुरुजींचा खर्ज मला ऐकू येत नव्हता, म्हणून मी तो चढवत होते, आणि गाडीत त्याची गिरणी होत होती. कोडं सुटलं ते असं, हातात झाडू आणि पायाखाली गोधडी असताना.

चौरंग भिंतीकडे सरकवला. कान समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर, स्पीकर एकमेकांपासून तीन फूट आणि माझ्यापासूनही तीन फूट, त्यांच्या पाठीमागे वीतभर जागा. मागच्या बाजूला रूम कंट्रोल नावाचा एक छोटा खटका असतो, भिंतीमुळे वाढलेला खालचा आवाज तो २ किंवा ४ डेसिबलने उतरवतो. दोनवर ठेवला. नंतर दिवाळीच्या बोनसमधून रॉकवूलचे, म्हणजे दगडाच्या तंतूंच्या लोकरीचे, दोन इंची चार पाट करून घेतले, लाकडी चौकट, वर मांजरपाट. त्यांनी खर्जाचं फारसं काही केलं नाही, ते त्यांच्या आवाक्यातलंही नाही, पण टाळी वाजवल्यावर भिंतीतून जो किणकिणाट यायचा तो गेला, आणि तबल्याचा 'ना' एकाच ठिकाणाहून यायला लागला.

तोच भैरव मी पहिल्यापासून पुन्हा मिक्स केला, एका संध्याकाळी. गुरुजींना गाडीत नाही, घरीच बोलावलं. माझ्या जागेवर बसवलं. त्यांनी डोळे मिटले. तानपुरा सुरू झाला, गिरणी नव्हती. मी त्यांच्या चेहऱ्याकडे शाबासकीच्या आशेने बघत होते. अर्धं मिनिट झालं असेल. त्यांनी डोळे उघडले.

"पंचम चढलाय."

मी पुन्हा लावला. चढला होता. केसभर, पण चढला होता, आणि दुसऱ्या आवर्तनापासून तो मलाही स्वच्छ ऐकू यायला लागला. इतके महिने ते रेकॉर्डिंग मी शेकडो वेळा ऐकलं असेल. येत्या गुरुवारी पहाटे साडेपाचला, दूधवाले सुरू व्हायच्या आत, ते पुन्हा करायचं ठरलं आहे. तानपुरा जुळवायला गुरुजी स्वतः अर्धा तास आधी येणार आहेत.